ऐन थंडीतलं वादळ

राहुरीत गावरान कांद्याची लागवड सुरू झाली, की एक हवामानवेडा शेतकरी रोज अरबी समुद्राची उपग्रहचित्रं उघडतो. ही सवय 2017 च्या ‘ओखी’ने लावली.

30 नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ उठलेलं हे चक्रीवादळ 5 डिसेंबरच्या रात्री दक्षिण गुजरातपाशी पोचेपर्यंत विरलं. मुंबईला मात्र भर डिसेंबरात भिजवून गेलं!

विरलं कशामुळे? समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांहून उबदार असलं, की वादळाला बळ मिळतं. उत्तरेकडे पाणी थंड होतं. शिवाय खालचे आणि वरचे वारे वेगळ्या दिशांनी, वेगळ्या वेगाने वाहू लागले, की ढगांचा उभा मनोराच मोडतो.

ताशी 62 किलोमीटर वारा झाल्यावरच वादळाला नाव मिळतं. म्हणून हा गडी आधी हवामान खात्याचं पत्रक वाचतो, मग आभाळ.