दोन सह्यांचा खेळ

बोलिंगच्या लीगमध्ये सगळ्यांत नकोसे पद खजिनदाराचे. हंगाम सुरू होण्याआधीच्या बैठकीत अध्यक्ष व्हायला कोणीतरी हसत हसत तयार होतो, उपाध्यक्षही सहज मिळतो; पण सेक्रेटरी आणि खजिनदार निवडायची वेळ आली की मंडळींना अचानक बुटांच्या नाड्या बांधायची आठवण होते. त्यांचे तरी काय चुकले? अमेरिकेत टेनपिन बोलिंगचे नियम युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस ठरवते. या यूएसबीसीच्या नियमपुस्तकात बॉल आणि पिनांची जेवढी काळजी वाहिली आहे, तेवढीच, काही पानांवर तर जास्तच, लोकांच्या पैशांची वाहिली आहे.

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये ज्यांनी तासाच्या किंवा गेमच्या हिशेबाने बोलिंग केले आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटेल. तिथे आपण भाड्याचे बूट चढवतो, चार बॉल गटरमध्ये घालवतो, हसतो आणि घरी येतो. लीगचे तसे नसते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेले संघ महिनोन् महिने एकमेकांशी खेळतात. प्रत्येक खेळाडू दर आठवड्याला वर्गणी भरतो. तिच्यातून लेनचे भाडे जाते, थोडा खर्च आणि सेक्रेटरीचे मानधन निघते आणि उरलेली रक्कम हंगामाच्या शेवटी बक्षिसांत वाटली जाते. बक्षिसांचा हा फंड आठवड्या-आठवड्याने फुगत जातो, आणि तो कोणाच्या तरी हाती सोपवावा लागतो.

म्हणून नियम सांगतो की बँकेतले खाते लीगच्या नावाने हवे आणि पैसे काढायला दोन सह्या हव्यात. जमलेली रक्कम आठवड्याच्या आत बँकेत पडली पाहिजे. खजिनदाराने दर महिन्याला हिशेब मांडायचा, आणि अध्यक्षाने खात्यातली शिल्लक दरमहा स्वतः तपासायची. 'खजिनदार आपलाच माणूस आहे' एवढ्यावर भागत नाही. शिस्त पाळणाऱ्या प्रमाणित लीगच्या पैशांना यूएसबीसीचे संरक्षण असते. दरोडा पडला किंवा पदाधिकाऱ्यानेच पैसे खाल्ले, तर भरपाई मागता येते. पण दुसरी सही कोणाची होती आणि अध्यक्षाने शिल्लक पाहिली होती का, हे प्रश्न आधी येतात. कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवणारा भिडस्त अध्यक्ष अशा वेळी पुरता सापडतो. गणेशोत्सव मंडळाची किंवा सोसायटीची पावती-पुस्तके सांभाळलेल्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही.

पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा गाभाही हाच. हंगामाच्या तोंडावर स्थानिक बोलिंग संघटना नव्या-जुन्या पदाधिकाऱ्यांसाठी वर्ग घेतात. स्ट्राइक कसा घ्यावा, म्हणजे पहिल्याच बॉलवर दहाही पिना कशा पाडाव्यात, हे तिथे शिकवत नाहीत. लीगची नोंदणी आणि सदस्यत्वाची रक्कम वेळेत कशी पाठवायची, पदाधिकारी आणि संघांचे कॅप्टन मिळून जे संचालक मंडळ बनते त्याची बैठक कशी चालवायची, बक्षिसांची यादी सुरुवातीच्या आठवड्यांतच का मंजूर करून घ्यायची, वर्गणी थकवणाऱ्याचे काय करायचे, हे सांगतात. हंगाम अर्ध्यावर सोडून जाणारे बहाद्दर असतातच. त्यामुळे अनेक लीग शेवटच्या दोन आठवड्यांची वर्गणी आरंभीच घेऊन ठेवतात. थकबाकीदाराची तक्रार वर गेली तर त्याचे सदस्यत्व निलंबित होऊ शकते. लहान मुलांच्या लीगमध्ये काम करणाऱ्या मोठ्यांना याशिवाय पूर्वायुष्याची तपासणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचे वेगळे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

नियमपुस्तक तसे वाचनीय आहे, कारण नियमाखाली लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे छापलेली असतात. नियम कोरडा असतो. प्रश्नांतून मात्र माणसे दिसतात. कोणाला कोणाचा संशय आला आणि कोण कुठली पळवाट शोधत होता, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

या पुस्तकाचे मूळ 1895 मध्ये आहे. त्या वर्षी 9 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या बेथोव्हन हॉलमध्ये निरनिराळ्या क्लबांचे लोक जमले आणि अमेरिकन बोलिंग काँग्रेस, म्हणजे एबीसी, स्थापन झाली. तोवर ज्या गावात जावे तिथले नियम वेगळे, बॉलचे वजन वेगळे, पिना वेगळ्या. परगावच्या संघाला खेळण्याआधी भांडणेच करावी लागत. एबीसीने मापे बांधून दिली, ती मुख्यतः आजही टिकून आहेत. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट, पिनेची उंची 15 इंच, शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंत 12 इंच, बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा. 1901 मध्ये शिकागोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिला 41 संघ आले. 1916 मध्ये सेंट लुईसला 40 बायकांनी एकत्र येऊन स्वतःची काँग्रेस काढली. या दोन संस्था, तरुणांची संघटना आणि राष्ट्रीय संघ पाहणारी संस्था अशा चौघींचे मिळून 2005 च्या आरंभी यूएसबीसी झाले.

याच इतिहासातले एक पान काळे आहे. 1916 पासून एबीसीच्या घटनेत सदस्यत्व गोऱ्या पुरुषांपुरतेच ठेवणारे कलम होते. नियम सगळ्यांना सारखे असावेत म्हणून निघालेल्या संस्थेने, 'सगळे' म्हणजे कोण, हे स्वतःच ठरवून टाकले. कृष्णवर्णीय बोलरांनी 1939 मध्ये डेट्रॉइटला आपली वेगळी राष्ट्रीय संघटना उभारली. युद्धानंतर वाहन कामगारांची युनियन, जपानी वंशाच्या अमेरिकनांची संघटना आणि ह्यूबर्ट हम्फ्री यांच्यासारखे राजकारणी या कलमाच्या मागे लागले. प्रकरण इलिनॉयच्या न्यायालयात गेले, तिथे 1950 मध्ये एबीसीला 2,500 डॉलर दंड झाला, आणि त्याच वर्षी ते कलम गेले. संस्थेला मनातून पटले म्हणून गेले, असे म्हणणे जरा धाडसाचे होईल.

आता लेनवर येऊ. वाद बहुतेक फाउलवरून होतात. बॉल सोडताना किंवा सोडल्यावर खेळाडूच्या शरीराचा कुठलाही भाग फाउल लाइन ओलांडून लेनला, यंत्राला, अगदी इमारतीच्या भिंतीला लागला तरी फाउल. त्या बॉलवर पडलेल्या पिनांचे शून्य गुण. पहिल्या बॉलवर फाउल झाला तर दहाही पिना पुन्हा मांडतात, आणि दुसऱ्या बॉलवर त्या सगळ्या पाडल्या तर तो स्पेअर, स्ट्राइक नव्हे. फाउल टिपायला बहुतेक ठिकाणी आपोआप चालणारे उपकरण असते. पण दिवा लागला नाही आणि पाय तर सगळ्यांनी पाहिला, मग? दोन्ही कॅप्टनना, किंवा दोन्ही संघांतल्या किमान एकेका खेळाडूला, किंवा अधिकृत गुणलेखकाला वा स्पर्धेच्या पदाधिकाऱ्याला तो स्पष्ट दिसला असेल, तर फाउल द्यावाच लागतो. आपल्याच माणसाचा पाय रेषेपलीकडे पाहिलेल्या खेळाडूची यात मोठी परीक्षा असते.

पिनांचेही लहरी स्वभाव नियमात बसवले आहेत. बाजूच्या फळीवर आदळून परत येणाऱ्या पिनेने दुसरी पाडली तर ती मोजायची. फळीला टेकून तिरकी उभी राहिलेली पीन पडलेली धरायची. आपल्या जागेवरून सरकली पण उभी राहिली, तर ती जिथे गेली तिथेच तिला मारायचे. हाताने जागेवर आणून ठेवायची नाही. मात्र यंत्राच्या धक्क्याने पडली, तर ती मूळ जागी पुन्हा उभी करायची. गटरमध्ये जाऊन उसळलेल्या बॉलने दहाच्या दहा पाडल्या, तरी सगळे फुकट.

वाद जागेवर मिटला नाही तर खेळ थांबवायचा नाही. तात्पुरता बॉल टाकायचा, दोन्ही शक्यतांचे गुण लिहून ठेवायचे आणि निर्णय संचालक मंडळावर सोपवायचा. प्रशिक्षणात यावर फार भर असतो. बाजूच्या लेनवर इतर संघ खेळत असताना तापलेल्या डोक्यांनी दिलेला निकाल टिकत नाही, हे जुन्या सेक्रेटरींना चांगले ठाऊक असते.

सगळ्यांत जास्त चलाखी चालते ती हँडिकॅपमध्ये, म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला मिळणाऱ्या वाढीव पिनांत. समजा एका खेळाडूने 18 गेममध्ये 2,765 पिना पाडल्या. सरासरी 153, अपूर्णांक सोडून द्यायचा. लीगने 220 हा पाया आणि 90 टक्के असा दर ठेवला असेल, तर 220 मधून 153 वजा, उरले 67, त्याचे 90 टक्के म्हणजे 60 पिना त्याला प्रत्येक गेमला आयत्या मिळतात. समोरच्याची सरासरी 205 असेल तर त्याला 13. दोघांत 52 पिनांचे अंतर होते, ते पाचवर आले. आजोबा आणि नातू एकाच सामन्यात खेळू शकतात ते या गणितामुळे.

आणि याच गणितामुळे मुद्दाम वाईट खेळणारेही जन्माला येतात. हंगामभर हात राखून खेळायचे, सरासरी वीस पिनांनी खाली ठेवायची आणि मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत खरा हात दाखवायचा. या युक्तीने गेममागे 18, तीन गेममध्ये 54 पिना पदरात पडतात. अमेरिकेत याला सँडबॅगिंग म्हणतात, आणि बोलरांमध्ये यापरते वाईट विशेषण नाही. सिद्ध झाले तर निलंबन ठरलेले. पण एखाद्याचा नेम मुद्दाम चुकला की खरोखरच चुकला, हे सिद्ध कसे करणार?

नियमाने यावर व्यवहारी उपाय काढला आहे. स्पर्धेत सरासरी बरोबर सांगायची जबाबदारी खेळाडूची. किमान 21 गेमची नोंदलेली सरासरी सहसा आधाराला घेतात. खरी सरासरी जास्त असताना कमी सांगितली आणि हँडिकॅप वाढला, तर गुण बाद. उलट चुकून जास्त सांगितली, तर बक्षीस त्या जास्त सरासरीवरच ठरते. रडून उपयोग नाही. शिवाय संशय आल्यास स्पर्धेचा व्यवस्थापक खेळाडूची सरासरी स्वतःच वाढवून लावू शकतो. हा अधिकार वापरायला कातडी बरीच जाड लागते.

लेन तपासणाऱ्या स्वयंसेवकांचे काम तुलनेने शांत, पण तितकेच निर्दय. प्रमाणित बोलिंग सेंटरच्या प्रत्येक लेनची दरवर्षी मापे होतात. लेनच्या रुंदीत आडवा उतार 0.040 इंचाहून जास्त चालत नाही. याशिवाय लेनवर तेल असते. ते कुठे किती लावले यावर बॉल सरळ घसरणार की वळणार हे ठरते, आणि कित्येकदा गुणही तिथेच ठरतात.

तेलाने केलेला सगळ्यांत मोठा घात ग्लेन ॲलिसन यांच्या वाट्याला आला. 1 जुलै 1982 रोजी कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे आपल्या लीगमध्ये खेळताना 52 वर्षांच्या या माजी व्यावसायिक खेळाडूने पहिल्या गेममध्ये बारा स्ट्राइक घेतले, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात बारा. ओळीने छत्तीस. एका गेमला कमाल 300 गुण, म्हणजे तीन गेमचे 900; असे तोवर कोणाच्याही नावावर अधिकृतपणे नव्हते. मग लेनची तपासणी झाली. तेलाची स्थिती नियमात बसत नाही असा निष्कर्ष निघाला आणि एबीसीने हा विक्रम मान्य करायला नकार दिला. छत्तीस बॉल टाकले ॲलिसन यांनी, तेल लावले दुसऱ्याने. पहिला अधिकृत 900 नोंदला गेला तो 1997 मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरात, जेरेमी सोनेनफेल्ड या विद्यार्थ्याच्या नावावर. बोलरांना विचारा, त्यांतले निम्मे तरी पहिले नाव ॲलिसन यांचेच घेतील. या लेखकालाही त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. पण प्रमाणित तेलाची अट खेळाडू पाहून सैल करायची ठरवली, तर उद्या कोणत्या सेंटरला अडवणार, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

बॉलवरही अशीच नजर असते. बॉलचा तोल बदलण्यासाठी पाडलेले जास्तीचे भोक ऑगस्ट 2020 पासून बंद झाले. 2022 मध्ये एका प्रसिद्ध कंपनीचे 2016 आणि 2017 साली बनलेले जांभळे बॉल पुरेसे कठीण नाहीत म्हणून राष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढले गेले. विकत घेताना ते बॉल मान्यताप्राप्त होते. स्पर्धेच्या दारात समजूत काढण्याचे काम अर्थातच पदाधिकाऱ्यांकडे आले.

एवढी चोख व्यवस्था असूनही लीग आटत चालल्या आहेत. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बोलिंग संघटनांचे मिळून नव्वद लाखांच्या घरात सदस्य होते. आता आकडा दहा लाखांच्या आसपास आला आहे. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनाही याची दखल घ्यावी लागली. रॉबर्ट पुटनम यांनी 1995 च्या 'बोलिंग अलोन' या निबंधात दाखवले की 1980 ते 1993 या काळात बोलिंग करणारे दहा टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. लोकांना खेळ हवा होता. दर मंगळवारची बांधिलकी, वर्गणी आणि बैठका नको होत्या. खजिनदार व्हायला माणूस न मिळणे हे त्याचेच एक रूप.

सेंटरचालकांचे गणित त्याहून वेगळे आहे. पिना मोकळ्या उभ्या करणारी यंत्रे महाग, कटकटीची आणि त्यांना जाणता मेकॅनिक लागतो. म्हणून पिनांच्या डोक्याला दोरी बांधून त्या वर खेचणारी यंत्रे आली. त्यांत खर्च कमी, बिघाड कमी. पण दोरीने जखडलेली पीन मोकळ्या पिनेसारखी उडत नाही आणि शेजारणीला पाडत नाही, त्यामुळे स्ट्राइक कमी पडतात. बराच काळ चाचण्या घेतल्यावर यूएसबीसीने 2023-24 च्या हंगामापासून दोरीच्या पिनांच्या लीगना मान्यता दिली, मात्र वेगळा प्रकार म्हणून. त्यामुळे एकाच खेळाडूच्या नावावर आता दोन प्रकारच्या लेनवरच्या दोन सरासऱ्या असू शकतात, आणि हँडिकॅप काढायला बसलेल्या सेक्रेटरीला आधी विचारावे लागते की यातली कुठली सरासरी कुठल्या यंत्रावरची.