सीपॅपचा मास्क: सवय, घट्टपणा आणि इतर गैरसमज

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाच किंवा अधिक झाले तर स्लीप ॲप्निया आहे असं डॉक्टर म्हणतात; तीस किंवा अधिक झाले तर तो तीव्र मानतात. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी 2023 मध्ये भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार देशातल्या सुमारे 11 टक्के प्रौढांना हा आजार असावा आणि कामाच्या वयातल्या रुग्णांची संख्या दहा कोटींच्या वर जावी. मध्यम आणि तीव्र आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवलेलं यंत्र हलक्या दाबाने हवा सोडतं, ती नळीतून मास्कमध्ये येते आणि घसा आतून उघडा धरून ठेवते. हा उपचार प्रभावी आहे, याबद्दल शंका नाही. तरीही तो अर्ध्यावर सोडणारे रुग्ण खूप असतात आणि त्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा यंत्राच्या नसून मास्कच्या असतात: नाकावर व्रण पडतो, डोळ्यांत हवा जाते, तोंड कोरडं पडतं, जीव घुसमटतो. त्यावर विक्रेत्यापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर असतं, ‘सवय होईल.’ मास्कविषयीच्या गैरसमजांत मला हा सर्वांत घातक वाटतो. बाकीचे बरेचसे त्याच्याच आधाराने टिकून राहतात.

शरीराला लावायचं उपकरण शरीराला आणि राहणीला जुळलं नाही तर काय होतं, याचा धडा ज्या शहराने वैद्यकाला दिला ते जयपूर. तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांना पूर्वी पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय मिळायचा. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट नव्हती, पण तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. त्यामुळे लोक तो काढून ठेवत. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी दोष रुग्णांच्या सवयींना दिला नाही. त्यांनी पायच बदलला. 1968 च्या सुमारास रबर आणि लाकूड वापरून तयार झालेला जयपूर फूट पुढे अनेक देशांत पोहोचला आणि डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योगायोग असा की त्याच 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी नाकावाटे दाबाची हवा देऊन पाच रुग्णांचा स्लीप ॲप्निया थोपवल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. त्या सुरुवातीच्या काळात मास्क दुकानात मिळत नव्हता. रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन तो एकेकासाठी घडवावा लागे आणि रोज रात्री चिकटवावा लागे. म्हणजे हा उपचार जन्मला तोच एकेका चेहऱ्याला बेतलेल्या मास्कसह. ठरावीक मापांचे तयार मास्क सोयीसाठी आले, ते योग्यच झालं. मात्र ‘मीडियम सगळ्यांना चालतो’ ही समजूतही त्यांच्याबरोबरच आली. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियमइतका असेलच असं नाही, आणि नाकाची रुंदी, नाकाच्या दांड्याची उंची, जबड्याची ठेवण प्रत्येकाची निराळी असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांची सवय करावीच लागते. मग मास्कने काय घोडं मारलं? सवय लागते, हे खरं. बंदिस्त वाटण्याची भीती तर सरावानेच जाते: दिवसा, जागेपणी, टीव्ही पाहताना किंवा वाचताना मास्क थोडा थोडा वेळ लावून बसावं, आधी यंत्राशिवाय, मग यंत्र सुरू करून. पण सवय अनोळखीपणावरचा इलाज आहे. चुकीच्या मापावर तिचा काही उपयोग नाही. नाकाच्या दांड्यावर रोज सकाळी लाल वळ दिसत असेल तर महिनाभराने तिथे त्वचा सोलवटलेली दिसेल, सवय झालेली नाही. शिवाय वेळ रुग्णाच्या बाजूने नसतो. माणूस पहिल्या आठवड्यात मास्क जसा वापरतो त्यावरून तो पुढे कसा वापरेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, असं या विषयावरच्या संशोधनात दिसलं आहे. म्हणून तक्रार पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी आणि मास्क तेव्हाच बदलायला हवा.

‘सवय होईल’ म्हणत दिवस काढण्यातून दुसरा गैरसमज निघतो: रात्री चार तास लावला की पुरे. चार तासांचा हा आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या किमान अटीतून रूढ झाला आहे. पैसे देण्यासाठी ठरवलेली ती रेषा आहे, बरं होण्याची नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाला स्वतःला जाणवणारी दिवसाची पेंग चार तासांच्या वापराने ओसरली, पण रोजचं काम पूर्ववत होण्यासाठी साडेसात तासांपर्यंत वापर लागला. त्यात रात्रीचा शेवटचा भाग महत्त्वाचा. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते आणि अनेकांचे श्वास नेमके तेव्हाच जास्त वेळा थांबतात. तीन वाजता वैतागून मास्क काढणारा माणूस रात्रीचा सर्वांत वाईट भाग उपचाराविना काढतो. 2016 मध्ये ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतल्या 2,717 रुग्णांच्या या चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रसंग कमी झाले नाहीत. ‘मग एवढा त्रास कशाला?’ असं त्यावरून अनेकांनी विचारलं. पण त्या चाचणीत सरासरी वापर रात्रीला 3.3 तास होता. जास्त वापर करणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण कमी दिसलं. अर्थात नियमाने मास्क लावणारी माणसं इतर बाबतीतही काळजी घेणारी असू शकतात, त्यामुळे तो पक्का पुरावा मानता येत नाही. रक्तदाब, पेंग आणि रोजच्या जगण्याचा दर्जा यांवरचा फायदा मात्र अनेक चाचण्यांत दिसला आहे. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, सीपॅपची तासांत. मास्कचा आराम या तासांवर थेट परिणाम करतो, म्हणून त्याला चैन म्हणणं मला मुळातच चूक वाटतं.

आता सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज: ‘मी तोंडाने श्वास घेतो, मला नाक-तोंड झाकणारा फुल फेस मास्कच लागणार.’ वरवर हे तर्काला धरून आहे. पण अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत नाकावरच्या किंवा नाकपुड्यांत बसणाऱ्या मास्कला झुकतं माप दिलं. फुल फेस मास्कमध्ये दाब जास्त लागतो, गळती जास्त होते, श्वास थांबण्याचे प्रसंग जास्त उरतात आणि वापराचे तास कमी भरतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. याचं कारण शरीररचनेत आहे. पट्टे आवळले की मास्क खालचा जबडा मागे ढकलतो, जबड्याबरोबर जीभ मागे सरकते आणि जी वाट उघडायची तीच अरुंद होते. दुसरी गोष्ट, झोपेत तोंड उघडं पडण्यामागे पुष्कळदा बंद घशाशी चाललेली झटापट असते. नाकावाटे दाब मिळून घसा उघडला की काही जणांचं तोंड आपोआप मिटतं. ज्यांचं मिटत नाही त्यांच्यात एक दुष्टचक्र चालतं: नाकातून शिरलेली हवा तोंडातून निसटते, एकाच दिशेने वाहणाऱ्या या हवेने नाकाचं अस्तर सुकतं आणि सुजतं, नाक चोंदतं, मग तोंड आणखी उघडतं. इथे मास्क बदलण्याआधी हवा ओलसर आणि कोमट करणारा ह्युमिडिफायर आणि नाकाचा इलाज हे दोन उपाय करून पाहायचे असतात.

जयपूरच्या हवेत हे चक्र फार लवकर सुरू होतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, लू वाहते, आंधीबरोबर बारीक धूळ घरात येते. एसी लावून झोपणाऱ्याच्या खोलीत हवा कोरडी असते आणि त्याला ह्युमिडिफायर वाढवावा लागतो. त्याच गल्लीत पाण्याचा कूलर लावून झोपणाऱ्याच्या खोलीत आधीच ओलावा असतो, त्याला तो कमी पुरतो. जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं, तेव्हा कोमट हवेतल्या वाफेचं थंड नळीत पाणी होतं आणि थेंब मास्कमध्ये गळतात. रुग्णाला वाटतं मास्क बिघडला. खरं तर नळीवर कापडी वेष्टण घालणं, ती पांघरुणाखाली घेणं किंवा तापणारी नळी वापरणं एवढंच करायचं असतं. यंत्राच्या टाकीत साधं नळाचं पाणी घालू नये, डिस्टिल्ड पाणी घालावं, नाहीतर क्षारांचा थर चढतो. यंत्राचा फिल्टर धुळीच्या दिवसांत नेहमीपेक्षा वारंवार पाहावा. चोंदलेलं नाक आणि कोरडा घसा यांचा दोष मास्कवर ढकलून घाईने फुल फेस घेण्याआधी या साध्या गोष्टी तपासल्या तर पुष्कळ पैसे वाचतील. अर्थात ज्यांचं नाक रचनेमुळेच बंद आहे किंवा सगळं करूनही ज्यांचं तोंड उघडंच राहतं, त्यांच्यासाठी फुल फेस हाच योग्य मास्क आहे, आणि तो लावून आठ तास शांत झोपणारी माणसं आहेत. विरोध आहे तो पहिल्याच दिवशी, न तपासता, सगळ्यांना तोच देण्याला.

हवा गळते म्हणून पट्टे आवळणं ही दुसरी सार्वत्रिक चूक. बहुतेक मास्कची सिलिकॉनची गादी दुहेरी पापुद्र्याची असते. त्यातला पातळ पापुद्रा हवेने फुगतो आणि चेहऱ्याला टेकून फट बंद करतो. पट्टे आवळले की तो चेपतो, घड्या पडतात आणि गळती वाढते. मास्क बसवावा तो आडवं होऊन, यंत्र सुरू करून, रात्री लागणाऱ्या दाबावर आणि ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर, कारण आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते. दुकानात खुर्चीवर बसून आरशात पाहिलेलं माप रात्री फसतं ते यामुळे. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांनी मास्कही कवळी काढूनच बसवून पाहावा. दातांचा आधार गेला की ओठ आत जातात. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावलं तर गादी घसरते, म्हणून चेहरा आणि गादी दोन्ही सौम्य साबणाने धुतलेली हवीत. मास्कवरची बारीक छिद्रं मात्र गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. ती चिकटपट्टीने बुजवणं धोक्याचं आहे.

राजस्थानात भरघोस मिशा ही शान आहे आणि ‘मिशी काढल्याशिवाय मास्क बसणार नाही’ हे ऐकून कुणी उपचारच नाकारला तर मला नवल वाटणार नाही. मिशीमुळे गळती होते, हे खरं आहे. पण ती गालांवर आणि वरच्या ओठावर टेकणाऱ्या गादीत. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या पिलो मास्कला मिशीचा अडथळा फारसा होत नाही, नाकाच्या दांड्यावर व्रण पडत नाही आणि चष्मा लावून वाचता येतं. ‘पिलो मास्क कमी दाबालाच चालतो’ असं त्याच्याबद्दल सांगतात. जास्त दाबावर काहींना नाकपुड्यांना टोचल्यासारखं होतं, हे मान्य. पण पाण्याच्या स्तंभाच्या मापात बारा सेंटिमीटर किंवा अधिक दाब लागणाऱ्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आहे आणि उपचार नाकावर बसणाऱ्या नेझल मास्कइतकाच परिणामकारक ठरला आहे.

वीज गेली तर मास्कमध्ये गुदमरायला होईल, ही भीती घरच्यांना असते. फुल फेस मास्कमध्ये यंत्र बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नेझल मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं आणि माणूस जागा होतो. वीज गेल्याने त्या वेळेपुरता उपचार थांबतो, त्यासाठी इन्व्हर्टर असला तर उत्तम. खरा धोका वेगळा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. काही मास्कच्या पट्ट्यांना चटकन लागणारे लोहचुंबक असतात. पेसमेकर, हृदयातला डिफिब्रिलेटर, मेंदूतली धातूची क्लिप अशा गोष्टी शरीरात असलेल्यांसाठी मोठ्या उत्पादकांनी 2022 आणि 2023 मध्ये याबद्दल इशारे दिले आहेत. शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात असं उपकरण असेल तरी चुंबकाचा मास्क टाळावा.

राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो हलका नाही. मास्क काही हजारांचा असतो, वापरलेला परत घेत नाहीत, चार-चार प्रकार विकत घेऊन पाहणं बहुतेकांना झेपणारं नाही. म्हणूनच पैसे देण्याआधी आग्रह धरायचा: झोपेची तपासणी (स्लीप स्टडी) होते त्याच ठिकाणी दोन-तीन प्रकार यंत्र लावून, आडवं होऊन पाहू द्या, लहान, मध्यम, मोठी अशा तिन्ही गाद्या एकाच खोक्यात येतात असे मास्क दाखवा, आठवड्यात बसला नाही तर बदलून मिळेल का ते लेखी सांगा. महाग मास्क जास्त आरामदायक असतो, असाही नियम नाही. पुढे प्रकार बदलायची वेळ आली, विशेषतः नेझलवरून फुल फेसवर, तर यंत्राचा जुना दाब तसाच ठेवून चालत नाही. नव्या मास्कवर आठवडाभर झोपल्यावर यंत्राच्या नोंदीतली गळती आणि तासाला उरलेले श्वास थांबण्याचे प्रसंग डॉक्टरांना दाखवून दाब पुन्हा ठरवून घ्यावा लागतो.