नव्या शब्दाचे ग्रहण आणि मेंदूचे विकार

मेंदूच्या विकारांचा भाषेवर काय परिणाम होतो, ह्या अभ्यासाचा आरंभ गमावलेल्या शब्दांच्या शोधातून झाला. १८६१ मध्ये पॉल ब्रोका ह्यांनी पॅरिस येथे ज्या रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली, तो अनेक वर्षे जवळजवळ 'तान' एवढाच उच्चार करू शकत असे. त्याला बोललेले मात्र बरेचसे कळे. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके ह्यांनी ह्याच्या उलट प्रकार वर्णिला. त्यातील रुग्णांचे बोलणे ओघवते होते, परंतु आकलन ढासळलेले होते. तेव्हापासून वाचाघाताच्या रुग्णापुढे वस्तू धरून तिचे नाव विचारणे ही तपासणीची रूढ पद्धत झाली. रुग्णाजवळ काय उरले आणि काय गेले, एवढाच प्रश्न ह्या पद्धतीत विचारला जातो. त्याला एखादा नवा शब्द शिकता येईल काय, हा प्रश्न पुष्कळ उशिरा पुढे आला. वस्तुतः रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. कारण उपचार म्हणजे पुनःशिक्षण असेल, तर शिकण्याची शक्ती कितपत शाबूत आहे हे प्रथम कळावयास हवे.

शब्द शिकणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते. मूल 'कावळा' हा शब्द ऐकते, पक्षी पाहते आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द उच्चारते. ह्यात अनेक स्वतंत्र व्यापार गुंतले आहेत अशी शंका निरोगी माणसाकडे पाहून सहसा येत नाही. त्यांतील एखादा व्यापार बंद पडून बाकीचे चालू राहतात, तेव्हाच त्यांचे वेगळेपण दृष्टोत्पत्तीस येते.

ह्या दृष्टीने पी. व्ही. ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या इटालियन स्त्रीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. पक्षाघाताच्या झटक्याने तिच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलास इजा झाली होती. ती नीट बोले, तिला ऐकलेले समजे आणि तिची दीर्घकालीन स्मृतीही उत्तम होती. परंतु ओळीने उच्चारलेले दोन-तीन आकडेच तिला लगेच पुन्हा म्हणून दाखविता येत. सामान्य माणसास असे सहा-सात आकडे सहज म्हणता येतात. ऐकलेला ध्वनी काही क्षण मनात घोळविण्याची जी शक्ती, तेवढीच तिने गमावली होती. प्रथमदर्शनी हे व्यंग क्षुल्लक वाटते. दैनंदिन व्यवहारात तिचे फारसे अडतही नव्हते. मग ही शक्ती असते तरी कशासाठी?

ॲलन बॅडले, कोस्तान्झा पापान्यो आणि जुझेप्पे व्हालार ह्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. तिला प्रथम परिचित इटालियन शब्दांच्या जोड्या पाठ करावयास दिल्या, तेव्हा ती इतर निरोगी व्यक्तींच्या बरोबरीने शिकली. त्यानंतर इटालियन शब्द आणि त्याचा अपरिचित रशियन प्रतिशब्द अशा जोड्या तिला ऐकविल्या. दहा वेळा ऐकवूनही तिला त्यांतील एकही रशियन शब्द आला नाही. तेच शब्द लिहून दाखविले असता मात्र थोडीफार प्रगती झाली. ह्यावरून असे अनुमान निघते की, ध्वनींची अल्पकालीन स्मृती ही परिचित शब्दांसाठी नसून अपरिचित शब्दांसाठी आहे. परिचित शब्दाचा सांगाडा मनात आधीच उभा असतो; तो ऐकताच जागा होतो. अपरिचित शब्दाचे ध्वनी मात्र, कोठेतरी कायमचे ठसेपर्यंत, कोणी तरी उचलून धरावे लागतात. पुढे लहान मुलांच्या पाहणीतही निरर्थक शब्द बिनचूक उच्चारण्याची शक्ती आणि शब्दसंग्रह ह्यांचा संबंध असल्याचे सूझन गॅथरकोल आणि बॅडले ह्यांना आढळले.

पी. व्ही.च्या अगदी विरुद्ध टोकास हेन्री मोलेसन हे रुग्ण येतात. १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल ह्यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांतील आतला भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस ह्या अवयवाचा बराचसा अंश त्यात गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, ऐकलेले आकडे मोलेसन लगेच म्हणून दाखवीत. परंतु नवे प्रसंग स्मरणात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत 'एच. एम.' ह्या नावाने स्मृतिशास्त्राच्या प्रत्येक ग्रंथात त्यांचा उल्लेख होत राहिला. १९८८ मध्ये जॉन गॅब्रिएली, नील कोहेन आणि सूझन कॉर्किन ह्यांनी त्यांना आठ अपरिचित इंग्रजी शब्दांचे अर्थ शिकविण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. व्याख्या, समानार्थी शब्द, वाक्यातील रिकाम्या जागा, असे सर्व मार्ग अवलंबिले. निष्पत्ती जवळजवळ शून्य झाली. ध्वनी घोळविता येत होते, पण ध्वनी आणि अर्थ ह्यांची गाठ पडत नव्हती. शस्त्रक्रियेनंतर इंग्रजीत रूढ झालेले बहुतेक शब्दही त्यांना परकेच राहिले.

तथापि येथेच थांबल्यास निष्कर्ष एकांगी होईल. मोलेसन ह्यांना शब्दकोडी सोडविण्याचा छंद होता. ब्रायन स्कॉटको व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ह्या छंदाचाच उपयोग करून घेतला. १९५३ पूर्वीचे ज्ञान ज्यांचे उत्तर आहे, पण १९५३ नंतरच्या घटनेचा धागा ज्यांच्या सूचनेत आहे, अशी कोडी त्यांनी तयार केली. उदाहरणार्थ, पोलिओ हा रोग मोलेसन ह्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. साल्क ह्यांची लस नंतरची. पुनःपुन्हा सोडविल्यावर अशा कोड्यांत त्यांची प्रगती झाली. ज्या कोड्यांत प्रश्न आणि उत्तर दोन्ही नवे होते, त्यांत ती झाली नाही. जुन्या खुंटीला अडकविलेले नवे ज्ञान टिकते, हवेत लोंबकळत ठेवलेले टिकत नाही, असे ह्यातून दिसते.

त्यापूर्वी १९८६ मध्ये एलिझाबेथ ग्लिस्की, डॅनियल शॅक्टर आणि एंडेल टल्व्हिंग ह्यांनी स्मृती दुखावलेल्या चार रुग्णांना संगणकाची परिभाषा शिकविली होती. प्रथम शब्दाची बरीचशी अक्षरे दाखवावयाची आणि हळूहळू एकेक अक्षर काढून घ्यावयाचे, ही त्यांची युक्ती होती. रुग्ण सावकाश, पण खरोखर शिकले. मात्र व्याख्येची शब्दरचना थोडी बदलताच ते अडखळत. त्यांचे ज्ञान मुखोद्गत केलेल्या पण न उमगलेल्या पाठासारखे होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकांस ह्या अवस्थेची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

१९९७ मध्ये फरानेह वार्गा-खादेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या तिघा तरुण व्यक्तींमुळे विषय अधिक गुंतागुंतीचा झाला. त्यांच्या हिप्पोकॅम्पसला जन्माच्या वेळी किंवा बालपणी इजा झाली होती. काल काय घडले हे त्यांना सांगता येत नसे. तरीही ते सर्वसाधारण शाळेत शिकले आणि त्यांची भाषा, वाचन व सामान्य ज्ञान पुष्कळच समाधानकारक होते. तेव्हा हिप्पोकॅम्पसवाचून शब्द मुळीच शिकता येत नाहीत असे म्हणता येत नाही. जेम्स मॅक्लेलँड, ब्रूस मॅक्नॉटन आणि रँडल ओरायली ह्यांनी १९९५ मध्ये मांडलेली उपपत्ती ह्या ठिकाणी उपयोगी पडते. तिच्यानुसार मेंदूत शिकण्याच्या दोन यंत्रणा आहेत. हिप्पोकॅम्पस एका प्रसंगातून तत्काळ शिकतो. मेंदूचे बाह्यक संथपणे, अनेक प्रसंगांतील सारखेपणा टिपत शिकते. ते घाईने शिकू लागले तर नव्या ज्ञानाने जुने पुसले जाईल.

ह्याच उपपत्तीस आव्हान देणारा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरील वाद अभ्यासकांनी मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. त्याचे मूळ बालभाषेच्या अभ्यासात आहे. १९७८ मध्ये सूझन केरी आणि एल्सा बार्टलेट ह्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना, शिकविण्याचा कोणताही आव न आणता, 'ती निळी नको, क्रोमियम रंगाची तबकडी आण' अशा आशयाचे सांगितले. मुलांनी निळी सोडून दुसरी उचलली आणि तेवढ्यावरून त्या रंगनामाविषयी काहीतरी त्यांच्या मनात राहिले. तालि शॅरॉन, मॉरिस मॉस्कोव्हिच आणि असाफ गिल्बोआ ह्यांनी हीच रीत स्मृतिलोप झालेल्या चार प्रौढांना लावली. पडद्यावर एक परिचित आणि एक अपरिचित प्राणी दाखवून, अपरिचिताचे नाव घेत त्याच्या शेपटीविषयी वगैरे साधा प्रश्न विचारावयाचा. नाव लक्षात ठेवा असे म्हणावयाचे नाही. रुग्णांना पुढे ती नावे निरोगी व्यक्तींप्रमाणे ओळखता आली असे त्यांनी नमूद केले. हिप्पोकॅम्पसला वळसा घालून बाह्यकात शब्द थेट रुजविता येतो, असा ह्याचा अर्थ होता. स्मृतिलोपाच्या रुग्णांसाठी ही केवढी मोठी आशा होती हे सांगावयास नको.

आशा टिकली नाही. २०१४ मध्ये लॅरी स्क्वायर ह्यांच्या गटाने आणि त्याच वर्षी डेव्हिड वॉरेन व मेलिसा डफ ह्यांनी आपापल्या रुग्णांवर हीच रीत वापरली. दोहोंकडेही रुग्णांना लाभ झाला नाही. २०१९ मध्ये एलिसा कूपर, अँड्रिया ग्रेव्ह आणि रिचर्ड हेन्सन ह्यांनी प्रौढांवरील सर्व पुरावा एकत्र तपासला, तेव्हा तो दुर्बळ असल्याचे त्यांस आढळले. मूळ संशोधकांनी आपली बाजू सोडलेली नाही आणि रुग्णांच्या इजेची व्याप्ती निरनिराळी असते, हा त्यांचा मुद्दा निराधारही नाही. परंतु चार रुग्णांवरून उभारलेल्या सिद्धांताचा पाया किती अरुंद असतो, हे ह्या प्रकरणाने दाखविले. एकेका रुग्णाने ह्या शास्त्राला फार दिले आहे, हे खरे; पण पी. व्ही.चे निष्कर्ष पुढे इतर मार्गांनी पडताळले गेले म्हणून टिकले.

शब्दाचा तिसरा घटक म्हणजे अर्थ. अर्थाचे भांडारच झिजत जाते असा विकार एलिझाबेथ वॉरिंग्टन ह्यांनी १९७५ मध्ये तीन रुग्णांवरून स्पष्ट केला. त्याला पुढे जे नाव मिळाले, त्यास मराठीत 'अर्थस्मृतिभ्रंश' म्हणता येईल. ह्यात शंखखंडांचा अग्रभाग क्षीण होतो. रुग्ण व्याकरणशुद्ध बोलतो, कालचा प्रसंगही बऱ्यापैकी सांगतो. परंतु प्रथम 'मुंगूस' जातो, मग 'ससा' जातो आणि अखेरीस प्रत्येक चतुष्पाद 'कुत्रा' किंवा नुसता 'प्राणी' होतो. अशा रुग्णास शब्द पुन्हा शिकविता येतात काय? डी. एम. ह्या रुग्णाने आपल्या विस्मृत शब्दांच्या याद्या घरी रोज घोकल्या आणि त्याची कामगिरी आश्चर्यकारक रीतीने सुधारली. किम ग्रॅहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ह्याचे वर्णन केले आहे. पण शब्द यादीच्याच क्रमाने येत, आणि सराव थांबताच ओसरले. येथे नवे चटकन घेणारा हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत होता. घेतलेले ज्यात मुरावे ते बाह्यक नव्हते.

ह्या विकाराची इंग्रजीतील एक प्रसिद्ध खूण वाचनात दिसते. रुग्ण नियमित शब्द नीट वाचतो, पण 'पाइंट' ह्या शब्दाचे लेखन 'मिंट'सारखे असल्यामुळे त्याचा उच्चार 'पिंट' असा करतो. मराठीचे लेखन बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने ही खूण आपल्याकडे मिळणार नाही, असे सहज वाटेल. परंतु च, ज, झ ह्या वर्णांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लेखनात त्यांचा भेद दाखविला जात नाही. 'चंद्र' आणि 'चांगला', 'जन' आणि 'जमीन' ह्यांतील भेद शब्द ओळखीचा असल्यावाचून कळत नाही. तर्काने पाहता, शब्दांची ओळख विझत चाललेला मराठी रुग्ण नेमका येथे चुकावयास हवा. तपासणीच्या यादीत असे शब्द हेतुपूर्वक घालणे खर्चाचे काम नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या स्मृतिभ्रंशविषयक चाचणीसंचाचा जो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम ह्या पाच भारतीय भाषांचा समावेश होता; मराठी त्यांत नव्हती. मराठीसाठी अशी साधने सिद्ध करताना इंग्रजी याद्यांचे भाषांतर पुरणार नाही. मराठीत नवे नाम शिकणे म्हणजे त्याचे लिंग आणि सामान्यरूपही शिकणे होय. श्रोत्याच्या कानी 'विहीर' क्वचित आणि 'विहिरीत', 'विहिरीवर' वारंवार पडते. त्यातून मूळ शब्द त्याला सोडवून घ्यावा लागतो. जीन बर्को ह्यांनी १९५८ मध्ये इंग्रजी मुलांना कल्पित नामांची अनेकवचने करावयास लावली होती. त्याच धर्तीवर 'लुमका' असे एखादे कल्पित नाम घेऊन, त्याचे चित्र दाखवून, रुग्णास वाक्य पुरे करावयास सांगता येईल. ज्याला 'लुमका' हा शब्द लगेच पुन्हा म्हणताच येत नाही, त्याची अडचण पी. व्ही.सारखी आहे. ज्याने विनासायास 'लुमक्याला' म्हटले, पण तासाभराने चित्र पाहून ज्यास ते नाव मुळीच आठवत नाही, त्याची मोलेसन ह्यांच्यासारखी आहे. आणि ज्याला 'लुमक्याला' साधते, तासाभराने नावही आठवते, पण शेजारच्या चित्रातील ससा ओळखता येत नाही, त्याच्या बाबतीत शंखखंडांच्या अग्रभागाकडे पाहावे लागेल.