मालवण व सिंधुदुर्ग : एका दिवसाची सहल

सह्याद्रि उतरल्यावांचून कोल्हापूरचा इतिहास पुरता समजत नाहीं असें म्हटलें, तर आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. पंचगंगेच्या कांठीं वसलेल्या आपल्या या नगराचा समुद्राशीं संबंध तो काय? परंतु एके काळीं कोल्हापूरच्या छत्रपतींचें आरमार मालवणच्या बंदरांत असे, आणि सिंधुदुर्गावर त्यांचेंच निशाण फडकत असे. शाळेच्या सहलीसाठीं मालवणाइतकें योग्य स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं, तें याच कारणानें.

मालवण येथून सुमारें १५० किलोमीटर आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल असा मार्ग. पहाटे पांचाला निघावें. राधानगरीचें धरण मोह पाडील. परंतु जातांना तेथें रेंगाळूं नये. घाट उतरला कीं हवा दमट लागते, घरें जांभ्या चिऱ्यांचीं दिसूं लागतात, आणि उंसाच्या जागीं नारळी-पोफळी येतात. हा पालट मुलांनीं झोपेंत घालवूं नये, एवढेंच सांगणें.

मालवणास पोहोंचल्यावर प्रथम दांडीच्या किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा पाहावा. त्यावर गणपति, सूर्य व चंद्र कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं किल्ल्याच्या आरंभाची पूजा येथें केली असें मानतात. समोरच्या कुरटे बेटावर तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. दक्षिणेस गोव्यांत पोर्तुगीज, वेंगुर्ल्यास डचांची वखार, उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी. अशा शेजारांत स्वतःच्या आरमारास हक्काचा आसरा पाहिजे होता.

किल्ल्यावर होडीनेंच जावें लागतें. मध्यें पाण्याखालीं खडक पुष्कळ. म्हणून नावाडी सरळ न जातां वळसे घेतो. त्या वळशांतच किल्ल्याचें अर्धें बळ आहे! परक्या गलबतास ही वाट ठाऊक नसे. अगदीं जवळ जाईपर्यंत दरवाजाही दिसत नाहीं; दोन बुरुजांच्या वळणाआड तो लपला आहे. बेटाचें क्षेत्र सुमारें ४८ एकर, तट सुमारें ३० फूट उंच व नागमोडी. आंत आजही थोडीं कुटुंबें राहतात.

येथें माहितगार मनुष्य अवश्य घ्यावा. तो दुधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन विहिरी दाखवील, आणि भोंवतीं खारा समुद्र असतां पाणी गोड कसें, हा चमत्कार म्हणून सांगेल. मुलांनीं मात्र त्याचें कारण शोधावें. पावसाचें पाणी बेटाच्या भेगांतून मुरतें. समुद्राचें पाणी गोड्या पाण्यापेक्षां शेंकडा सुमारें अडीच भाग जड असतें; त्यामुळें मुरलेलें हलकें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें, आणि विहीर बेताची खोल असेल तर तेंच हातीं लागतें. उपसा फार झाला तर मात्र खालचें खारें पाणी वर चढतें. शिवकालीन कारागिरांनीं हें अनुभवानें ओळखलें असावें.

पुढें श्रीशिवराजेश्वराचें मंदिर. आंतील शिवछत्रपतींची मूर्ति बिनदाढीची आहे, हें पाहून मुलें चकित होतात. हें मंदिर राजाराम महाराजांनीं १६९५ सालीं बांधलें, असें माहितगार सांगतो. आतां आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पाहा : त्या सालीं महाराज दूर जिंजीस होते, तेथून ते १६९७ च्या अखेरीस निघाले. मग मंदिर त्यांच्या आज्ञेनें दुसऱ्या कोणीं बांधलें, कीं सालच चुकीचें? हा प्रश्न माहितगारास नम्रपणें विचारावा. त्याचा अपमान करूं नये. पिढ्यानुपिढ्या ऐकलेलें तो सांगत असतो, आणि त्यांतील बरेंच कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं.

तटावर बसून आपल्या कोल्हापूरची हकीकत सांगावी. १७६५ सालीं, जिजाबाई राणीसाहेब कारभार पाहात असतां, इंग्रजांनीं हा किल्ला घेतला व त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें. परंतु तो राखणें त्यांस परवडेना. दुसऱ्याच वर्षीं मोठी रक्कम घेऊन त्यांनीं तो कोल्हापूरास परत दिला. पुढें पेशवे व इतर शेजारी यांच्याशीं झगडतां झगडतां राज्य खिळखिळें झालें. १८१२ सालीं संरक्षणाच्या हमीच्या बदल्यांत मालवणचें बंदर किल्ल्यांसह कंपनी सरकारास द्यावें लागलें. तोफेचा मारा न होतां, केवळ कागदावरील सहीनें कोल्हापूरचा समुद्र गेला. हें ज्यानें त्या तटावर बसून ऐकलें, त्यास १८१२ हें साल पाठ करावें लागणार नाहीं.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. पावसाळ्यांत होड्या बंद असतात. म्हणून सहल हिंवाळ्यांत काढावी. दुपारीं मुलें किनाऱ्यावर जाऊं म्हणतील. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरी येथें बेळगावाहून सहलीस आलेले आठ जण बुडाले. आमचीं मुलें नदींत व रंकाळ्यांत पोहणारीं. परंतु तलावाचें पाणी ओढीत नाहीं, समुद्राचें ओढतें. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचें पाणी कांहीं ठिकाणीं अरुंद ओघानें वेगानें परत फिरतें, आणि तेथें वरून पाणी उलट शांत दिसतें. शांत जागा पाहून मूल तेथेंच उतरतें! भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें जाते. म्हणून काल कोणी सांगितलेल्या वेळेवर भरंवसा न ठेवतां तेथील कोळ्यांस विचारावें. घोट्यापलीकडे पाण्यांत कोणीही जाऊं नये, शिक्षकांनींही नाहीं. मुलांची गणना होडींत चढतांना एकदां, उतरतांना एकदां, आणि परतीची मोटार सुटण्यापूर्वीं पुन्हां एकदां व्हावी.