एचआरए संपतो, भाडं नाही!

पगाराच्या स्लिपवरचा एचआरए आपण गृहीतच धरतो, नाही का? रिटायर झालात की तो बंद. घरमालक मात्र एक तारखेला हजर! मीही भाड्यानेच राहते, म्हणून ऑस्ट्रेलियातली 'कॉमनवेल्थ रेंट असिस्टन्स' मला भलतीच इंटरेस्टिंग वाटली. तिथे ६७ व्या वर्षानंतर सरकारी एज पेन्शन घेणारे आजी-आजोबा खासगी घरात भाड्याने राहत असतील, तर ठरावीक रकमेच्या वरच्या भाड्यातल्या प्रत्येक डॉलरमागे सरकार ७५ सेंट देतं. अर्थात, एका मर्यादेपर्यंतच. गोची इथेच आहे. सिडनी असो की एखादं छोटं गाव, मर्यादा एकच! २०२३ मध्ये ती १५ टक्के, २०२४ मध्ये आणखी १० टक्के वाढली. तरी सिडनीतल्या एकट्या आजींचं गणित काही जुळत नाही. शेजारच्या फ्लॅटमालकीण आजींनाही पेन्शनचा दर तोच, आणि भाडं शून्य.