आवृत्ती नियंत्रण प्रणालीतील ‘डीफॉल्ट पुश’ : स्वरूप व अध्यापनातील महत्त्व

प्रस्तावना :
एकाच संगणक प्रकल्पावर अनेक व्यक्ती काम करीत असतात, तेव्हा प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते. हे कार्य आवृत्ती नियंत्रण प्रणाली करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी निर्माण केलेली ‘गिट’ ही अशी सर्वाधिक प्रचलित प्रणाली होय. प्रस्तुत लेखात तिच्यातील ‘पुश’ आदेशाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

संकल्पना :
गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाची इतिहासासह स्वतंत्र प्रत असते. तीत कामाच्या अनेक शाखा असू शकतात. त्यांतील बदल सामायिक भांडारात पाठविणे म्हणजे ‘पुश’. आदेशात शाखेचा उल्लेख नसल्यास काय पाठवावयाचे, हे ‘पुश.डीफॉल्ट’ हे सेटिंग ठरविते.

प्रमुख पर्याय :
१) नथिंग – स्पष्ट उल्लेखाशिवाय काहीही जात नाही.
२) करंट – चालू शाखा त्याच नावाच्या शाखेकडे जाते.
३) अपस्ट्रीम – चालू शाखा तिच्याशी जोडलेल्या शाखेकडे जाते, नावे भिन्न असली तरी चालते.
४) सिंपल – वरीलप्रमाणेच, मात्र नावे समान असावी लागतात.
५) मॅचिंग – दोन्हीकडे समान नावे असलेल्या सर्व शाखा जातात.

विवेचन :
२०१४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपूर्वी ‘मॅचिंग’ हा डीफॉल्ट पर्याय होता. त्या आवृत्तीपासून ‘सिंपल’ लागू झाला. या बदलामागील कारण उदाहरणाने स्पष्ट होईल. हातकणंगल्यासारख्या ठिकाणी चार विद्यार्थी एक प्रकल्प करीत आहेत, असे मानू. एकाने आपली शाखा पाठविण्यासाठी पुश केले, तर ‘मॅचिंग’मुळे त्याच्याकडील इतर जुन्या शाखाही पाठविल्या जातील. भांडारातील शाखा पुढे गेलेली असल्यास गिट असा पुश सहसा नाकारते. परंतु नकार पाहून विद्यार्थ्याने ‘फोर्स’चा वापर केल्यास सहकाऱ्यांचे नवे काम त्या सर्व शाखांतून एकदम पुसले जाईल. ‘सिंपल’मध्ये हा धोका एका शाखेपुरता सीमित राहतो.

सेटिंग संपूर्ण संगणक, वापरकर्ता व भांडार अशा तीन स्तरांवर करता येते; भांडाराच्या स्तरावरील सेटिंग इतर दोहोंवर मात करते. प्रयोगशाळेत एकच लॉगिन अनेक तुकड्या वापरीत असल्यास आधीच्या तुकडीने बदललेले सेटिंग पुढील तुकडीस नकळत लागू होते.

निष्कर्ष :
डीफॉल्ट म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने आधीच घेतलेला निर्णय होय. म्हणून सत्रारंभी शिक्षकांनी हे सेटिंग तपासून ‘सिंपल’ निश्चित करावे आणि ‘फोर्स’चा परिणाम प्रात्यक्षिकाद्वारे दाखवून द्यावा.