शय्या एक, प्रकृती दोन

निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास आपण वैद्य मंडळी आहार विचारतो, कोष्ठ विचारतो, मनस्तापाचे कारण विचारतो, रात्री किती वाजता झोपता हेही विचारतो. कशावर झोपता, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखकही या चुकीस अपवाद नाही.

बदनापूर तालुक्यातील एक मोसंबी बागायतदार दांपत्य काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. रुग्णा पस्तिशीची, कृश, वातप्रधान. कटिशूल, पहाटे तीननंतर झोप नाही, दिवसभर चिडचिड. पती स्थूल, कफपित्तप्रकृती, पडताक्षणी घोरू लागणारा, परंतु उन्हाळ्यात घामाने उशी भिजवणारा. रुग्णेस तिळतेलाचा अभ्यंग, अश्वगंधा, रात्री म्हशीचे दूध, पादाभ्यंग असा उपक्रम तीन महिने चालला. उपशय अल्प. मग ती आठ दिवस माहेरी अंबडला राहून आली आणि सहज बोलून गेली, "डॉक्टरसाहेब, माहेरी आईजवळ खाली वाकळीवर निजले की कंबर दुखतच नाही बघा."

जे मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते, ते रुग्णेने तीन महिन्यांनी आपणहून सांगितले. चौकशी केली तेव्हा कळले की, नवे घर बांधल्यावर छत्रपती संभाजीनगरहून मऊ फोमची सलग डबल गादी आणली होती. पतीचे वजन पत्नीच्या जवळजवळ दुप्पट. गादी त्याच्या बाजूने दबली होती आणि ही बाई रात्रभर, नकळत, त्या उतारावरून घरंगळू नये म्हणून कडेचा आधार धरून अंग आखडून झोपत होती. त्यातच शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच. मोटार चालू करण्यास पती उठला की सारी गादी हलावयाची. त्याला परतल्यावर लगेच झोप लागे. वातप्रकृतीच्या स्त्रीची एकदा मोडलेली झोप पुन्हा लागत नसे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात निद्रेस तीन उपस्तंभांत स्थान दिले. एकविसाव्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंग व दुधाबरोबर नीट अंथरलेल्या शय्येचाही उल्लेख केला. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सुखकर शय्या श्रम व वात हरण करणारी, पुष्टी व निद्रा देणारी म्हटली आहे. परंतु या विषयात सर्वांत व्यवहारी भावमिश्र. सोळाव्या शतकातील या ग्रंथकाराने शय्येचे प्रकार दोषांनुसार वेगळे केले: खाट त्रिदोषशामक, कापसाची गादी वातकफनाशक, भूमिशय्या बृंहण व वृष्य, लाकडी फळी वातकर. म्हणजे कंबर दुखली की सरसकट फळीवर झोपावयास सांगण्याची आपली सवय शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. आधुनिकांचाही अनुभव निराळा नाही. स्पेनमध्ये जुन्या कटिशूलाच्या 313 रुग्णांवर झालेल्या व 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 90 दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवरील रुग्णांना अधिक आराम आढळला होता.

आपल्या भागास प्रकृतीनुसार शय्या ही कल्पना नवी नाही. बाज सैल वाटली की पायथ्याची दोरी ताणून घेत. ज्याची बाज, त्याच्या अंगाला येईल तेवढा ताण. पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत. त्यांना घरची बाई सांगत असे, सासऱ्यांची गादी भरीव करा, बाळंतिणीची मऊ. जुन्या गावरान वाणांचा आखूड, भरड धागा सुतास कमी प्रतीचा. पण गादीत तो लवकर दबत नाही. आता पिंजण यंत्रावर होते, तरी जालन्यात कापूस घरचा नेऊन गादी हवी तशी भरून मिळते. ही सोय शोरूममध्ये नाही.

आम्ही सलग गादी काढून तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या करविल्या. रुग्णेची दहा किलो कापसाची, दाट टाक्यांची. पतीस खाली काथ्याचा थर व वर पातळ कापूस, जेणेकरून वारा खेळेल आणि दोहोंची उंचीही सारखी राहील. काम सोपे होते. सासूबाई अवघड होत्या. नवरा-बायकोचे अंथरूण वेगळे करणे त्यांना अशुभ वाटले, आणि गावात काय बोलतील ही धास्ती तर होतीच. मग दोन्ही गाद्यांवर एकच मोठी खोळ शिवून घेतली. बाहेरून शय्या एकच दिसली, वाद मिटला.

हल्ली दोन्ही बाजूंना वेगवेगळा कडकपणा असलेल्या, कधी मधोमध चेनने जोडलेल्या गाद्या बाजारात मिळतात. तत्त्व तेच आहे. रुग्णाने सल्ला विचारल्यास मी इतकेच सांगतो की, दोघांनीही दुकानात आपापल्या कुशीवर निदान दहा मिनिटे पडून पाहावे. कुशीवर असता पाठीचा कणा सरळ राहावा, खांदा व कटी मात्र किंचित रुतावी. एकाने कूस बदलली की दुसऱ्यास हादरा बसतो का, तेही तेथेच पाहावे. मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो आणि ती उष्णता धरूनही ठेवतो. चाळीस अंशांवर जाणाऱ्या आपल्या वैशाखात पित्तप्रकृतीच्या माणसाने तो घेताना दहादा विचार करावा. कृश वातप्रकृतीस थंडीत तोच सुखावह वाटू शकतो. कापसाच्या गादीस नियमित ऊन दाखवावे व दबली की पुन्हा पिंजून घ्यावी, हे सांगावयास विसरू नये.

औषधे तीच ठेवून सहा आठवड्यांत रुग्णेचा कटिशूल बराच उणावला. पती अजूनही रात्री मोटारीसाठी उठतो. तिला आता ते सकाळी कळते. त्याचे घोरणे मात्र गादीने थांबले नाही. दिवसाही बसल्या जागी डुलकी लागते असे समजल्यावर त्यास निद्रातपासणीसाठी पाठविले, आणि मेदोहर चिकित्सा त्यानंतर सुरू केली.